लोकशाहीनिष्ठ शिक्षक घडवताना घ्यावयाची काळजी

अभिनंदन! नेट-सेट, मुलाखत आणि संस्थाचालकांच्या घरचा चहा हे तिन्ही टप्पे पार करून तुम्ही अध्यापक महाविद्यालयात रुजू झालात. आता पुढची तीस वर्षं तुमच्या हातून शिक्षक घडणार आणि त्यांच्या हातून देशाचे नागरिक. छातीत धडधडत असेल तर पाणी प्या. मी या खात्यात मुरलेला माणूस आहे, चार गोष्टी सांगतो.

आधी संविधानाची उद्देशिका. ती फ्रेम करून घ्यावी आणि प्राचार्यांच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे टांगावी. त्यामुळे प्राचार्यांना ती दिसत नाही आणि रजेचा अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या छात्राध्यापिकेला, म्हणजे शिकाऊ शिक्षिकेला, अर्धा तास दुसरं काही दिसत नाही. मी बी.एड. करताना ती अशीच उभ्या उभ्या पाठ केली. आमच्या प्राचार्यांच्या खुर्चीची पाठ उंच होती, त्यामुळे 'दर्जाची व संधीची समानता' इथपर्यंतच वाचता यायचं. बंधुता खुर्चीआड होती. ती मी नोकरी लागल्यावर वाचली.

मग येतं पाठ टाचण, म्हणजे पाठ कसा घ्यायचा याचा लेखी आराखडा. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक दिले. त्यातला पाचवा समानता, लोकशाही व धर्मनिरपेक्षता. आठवा सामाजिक अडसर दूर करणे. हे घटक सगळ्या विषयांतून मुरावेत अशी धोरणकर्त्यांची कल्पना होती. आपण त्यासाठी टाचणात रकाना पाडला आणि प्रश्न मिटवला. छात्राध्यापकांना रकाना भरायला शिकवा. विज्ञानाचा पाठ असेल तर वैज्ञानिक दृष्टिकोन. कवितेत झाड असेल तर पर्यावरण, आई असेल तर स्त्री-पुरुष समानता. गणिताला काहीच बसत नाही, तिथे मूल्यांच्या यादीतून नीटनेटकेपणा उचलावा. लोकशाही नागरिकशास्त्रवाल्यांसाठी राखून ठेवावी. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, भागाकाराच्या पाठाला समानता लिहू का? सगळ्यांना सारखं वाटून द्यायचं असतं ना त्यात." मी म्हटलं, मागच्या वर्षीच्या टाचणांत तसं आहे का? नव्हतं. विषय संपला. तुमच्याकडेही अशी एखादी येईल, गाफील राहू नका.

सूक्ष्म अध्यापनाला तर तोड नाही. सहा मिनिटांचा पाठ, समोर वर्गमित्रच विद्यार्थी म्हणून बसलेले. प्रश्न कौशल्याचा पाठ असतो, आणि प्रश्न कोणता येणार, उत्तर कोणी द्यायचं, चुकीचं उत्तर कोणाच्या वाट्याला, हे सगळं आदल्या दिवशी कँटीनमध्ये ठरलेलं असतं. इतकं एकमत संसदेतसुद्धा होत नाही. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न वर्गात येऊ द्यायचा नसतो, हे भावी शिक्षकाला इथे जे समजतं ते जन्मभर पुरतं.

तत्त्वज्ञानाच्या पेपरला अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई आहे. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, एकत्र जगण्याची रीत आहे, असं त्याने १९१६ साली मांडलं. कोलंबियात शिकताना बाबासाहेबांवर याच प्राध्यापकाचा मोठा प्रभाव पडला. ड्यूई नेहमी उतरवूनच द्यावा. "विद्यार्थी हा निष्क्रिय श्रोता नसून, स्वल्पविराम, तो कृतीतून शिकतो, पूर्णविराम. लिहिलं का सगळ्यांनी? मागे बोलतंय कोण?" भारतीय माती मुळात लोकशाहीची नाही, लोकशाही हे तिला वरून दिलेलं खत आहे, असं बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत म्हणाले होते. हे मात्र सांगत बसू नका. परीक्षेला येत नाही, आणि शेतकऱ्यांची पोरं वर्गात असतात, वरखत म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळतं.

आता खऱ्या शाळेत जाऊन घ्यायचे सराव पाठ. इथे माझ्या हातून एकदा चूक होता होता राहिली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सातवीचा वर्ग, नागरिकशास्त्र, घटक उद्देशिका. छात्राध्यापक खेड्यातला, सरळ पोरगा. कार्डशीटवर स्केचपेनने उद्देशिका लिहून आणलेली, 'गणराज्य' मावेना म्हणून शेवटचं अक्षर खाली घेतलेलं. मी मागच्या बाकावर निरीक्षण तक्ता घेऊन बसलो होतो. पाठ रुळावर होता. 'लोकशाही म्हणजे आपले प्रतिनिधी आपण निवडणे' हे वाक्य फळ्यावर गेलं आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. "सर, आमचा मॉनिटर बाईंनी निवडलाय. ते चालतं का?"

अशा वेळी 'छान प्रश्न आहे, तासानंतर भेट' म्हणायचं असतं. प्रबलनही होतं, म्हणजे शाबासकी दिल्यासारखं होतं, आणि तासानंतर कोणी भेटत नाही. पण याने वर्गाला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" बारा मिनिटं नुसता गलका. कोणी म्हणे मॉनिटर उंच पाहिजे, कोणी म्हणे मुलगी का नको. एक जण सांगत होता की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिताना हा दोस्तांची नावं गाळतो. त्यावर खुद्द मॉनिटर उठून म्हणाला, मलाही नकोय हे काम, सगळे माझ्यावर खार खातात. वर्गात हशा. मी पण हसणार होतो, पण हातात तक्ता होता. घंटा झाली तेव्हा उपयोजनाचे प्रश्न राहिले, स्वाध्याय राहिला, फलक लेखन अर्धं. मी शेरा दिला: 'आशय अपूर्ण. वर्गनियंत्रणात सुधारणा आवश्यक.'

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांचा फोन. पोरं निवडणूक घ्या म्हणतायत, तुमच्या मुलांना आवरा. मी त्याला बोलावून समजावलं. मूलभूत कर्तव्यांवरचा त्याचा पुढचा पाठ बघायला हवा होतात तुम्ही. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, पस्तीसाव्या मिनिटाला स्वाध्याय. दहापैकी नऊ दिले. त्यानंतर त्या पोराने वर्गाला कधी काही विचारलं नाही.

निवडणुकीचं म्हणाल तर ती शाळांत होते की! मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप, बोटाला शाई, ओळखपत्रं, व्हॉट्सॲपवर फोटो. शालेय मंत्रिमंडळ थाटात शपथ घेतं आणि मग पाण्याची टाकी धुतली का ते बघतं. छात्राध्यापकांना या कार्यक्रमाचा अहवाल लिहायला लावा, सबमिशनला चालतो. त्यांचा स्वतःचा वर्ग प्रतिनिधी मात्र तुम्हीच नेमा. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकांची तरतूद आहे, आणि २०१९ला त्या घ्यायच्या ठरल्यावर विधानसभेच्या निवडणुका आल्या म्हणून पुढे ढकलल्या. एका लोकशाहीसाठी दुसरीने जरा सरकून बसायचं, एवढंच.

काही गोष्टी आपण शिकवाव्या लागत नाहीत, शासन बघून घेतं. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने शिक्षकांनी काय घालावं ते ठरवून दिलं, शर्ट खोचायचा की नाही हेसुद्धा. आपल्याकडे सोमवारी कोणत्या रंगाची साडी ते आधीपासून ठरलेलं असतं, त्यामुळे आपली मुलं तयार आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली. त्यातला पहिला भाग शिकवा. दुसऱ्याचं उदाहरण त्यांना निरीक्षणानंतरच्या चर्चेत मिळतंच. कलम २१ची शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. तिचं इतिवृत्त सभेच्या आधी लिहून, 'सर्वानुमते मंजूर' घालून, सह्यांसाठी घरोघर कसं फिरवायचं याचं प्रात्यक्षिक जरूर घ्या. आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत राहून शिकण्याच्या, वीस आठवड्यांत शाळेतून शिकण्यासारखं तेवढं एक काम हमखास असतं.

पोरं कधी कधी विचारतात, एवढं करून आम्हाला पुढे काय? शिक्षण सेवक व्हायचं, तीन वर्षं मानधनावर. २०२३मध्ये ते प्राथमिकला सहा हजारांवरून सोळा हजार झालं. व्यक्तीची प्रतिष्ठा चौथ्या वर्षापासून सुरू होते असं सांगा. आणि लोकशाहीशी थेट गाठ पडणारच आहे: शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २७ने शिक्षकाला निवडणुकीचं काम माफ केलेलं नाही. मतदानाच्या आदल्या रात्री केंद्रावर बाक जोडून, पेटीवर हात ठेवून झोपायचं. नियमानुसार मतदान होतं आणि कोणी कोणाला विचारत नाही तुम्ही कोणाला दिलंत, हे त्या दिवशी त्याला खरोखर दिसतं. कितीतरी जणांनी आयुष्यात पाहिलेला लोकशाहीचा हा पहिला पाठ असतो, आणि त्याचं टाचण कोणी मागत नाही.

शेवटचं एक, महाविद्यालयाला श्रेणी देणारी नॅकची समिती यायच्या आत उरकून घ्या. छात्राध्यापकांचे अभिप्राय अर्ज लागतात: प्राध्यापक शिकवतात कसे, मोकळेपणाने मत मांडता येतं का, वगैरे. सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवा, निळं पेन वापरायला सांगा, 'उत्तम'च्या चौकटीचं नमुना उत्तर फळ्यावर काढून द्या. अर्ज गोपनीय असल्याचं मोठ्याने सांगा. आणि वर उजव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक घातल्याशिवाय एकाचाही अर्ज घेऊ नका. अंतर्गत गुण अजून भरायचे आहेत.