‘असिंक लावा, सर्व्हर पळवा’ म्हणे! आधी फोटो कुठे गेले ते सांगा

‘ऑफिसचं स्टोरेज दसपट पळवा’ नावाचा एक पाचकलमी मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. एनएफएस, ग्लस्टर, सेफ (नेटवर्कवरून अनेक यंत्रांना एकच साठवण वापरू देणाऱ्या प्रणाली) सगळ्यांना एकच औषध: १० गिगाबिटची वायर टाका, सर्व्हरवर ‘असिंक’ करा (म्हणजे डिस्कवर पक्कं होण्याआधीच त्याला ‘झालं’ म्हणू द्या), सर्व्हर वाढवा, जंबो फ्रेम (नेटवर्कची मोठी पाकिटं) चालू करा, नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणं) लावा. खाली ‘अनुभवसिद्ध’ असा शिक्का. इतके दिवस मी तो पुसून टाकत होतो. काल पर्वरीला सर्व्हे कंपनीत काम करणाऱ्या माझ्या भाचीने तोच पाठवून विचारलं, “मामा, दुसरा मुद्दा आज रात्री लावू?”

नको गो बाय, अजिबात नको.

यांचं काम खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) जमिनींच्या बांधांचे ड्रोनने फोटो काढायचं आणि त्यांपासून नकाशाच्या टाइल्स (चौकोनी तुकडे) बनवायचं. एकेक टाइल काही केबींची, आणि झूमची एक पायरी वाढली की टाइल्स चौपट. म्हणजे बारक्या फायलींचा नुसता पाऊस.

वायरीचं आधी उरकतो. ४ केबीच्या १०,००० फायली म्हणजे जेमतेम ४० एमबी. १ गिगाबिटवरून त्या सेकंदाच्या एक तृतीयांशात जातात. प्रत्येक फाइल डिस्कवर पक्की व्हायला समजा ५ मिलिसेकंद लागले, तर झाले ५० सेकंद. (७२०० आरपीएम डिस्कची एक गिरकीच ८ मिलिसेकंदांची असते, म्हणजे हिशेब मी हात सैल सोडूनच केलाय.) नवी वायर यातला अर्धा सेकंदही वाचवत नाही. वेळ जातो तो नाव शोध, फाइल तयार कर, लिही, पक्कं कर आणि दर वेळी उत्तराची वाट बघ, यात. रायबंदरची फेरीबोट कितीही रुंद करा. एकाला पलीकडे पोचवून परत आल्याशिवाय दुसऱ्याला चढवायचं नाही म्हटलं, तर पलीकडच्या चोडणची माणसं रात्रीपर्यंत धक्क्यावरच. मोठ्या व्हिडिओ फायलींना मात्र जाड वायरीचा फायदा होतो, तेवढं खरं.

आता तो दुसरा मुद्दा. ‘एक्सपोर्ट्समध्ये असिंक लिहा, यूपीएस असेल तर धोका शून्य.’ हे लिहिणाऱ्याने लिनक्सचं एक्सपोर्ट्सचं (सर्व्हरने कोणते फोल्डर कसे वाटायचे त्या यादीचं) मॅन्युअल उघडलेलंच नाही. त्यात स्वच्छ लिहिलंय की या पर्यायाने सर्व्हर एनएफएसचा नियम मोडतो आणि बदल कायमच्या साठवणीत जाण्याआधीच ‘झालं’ म्हणून सांगतो. सर्व्हर मध्येच कोसळला तर डेटा जाऊ किंवा बिघडू शकतो. एनएफएस-युटिल्स या लिनक्सच्या एनएफएस साधनांच्या १.०.० नंतरच्या सगळ्या आवृत्त्यांत सिंक (आधी पक्कं, मग ‘झालं’) हाच डिफॉल्ट आहे, तो उगाच नाही.

नियम कसा मोडतो तेही बघा. १९९५ च्या एनएफएस आवृत्ती ३ पासून क्लायंट (फाइल पाठवणारं यंत्र) आधी डेटा पाठवतो, मग ‘कमिट’ (पक्कं केल्याची खात्री) मागतो, आणि कमिटचं उत्तर येईपर्यंत आपल्याकडची प्रत सोडत नाही. सर्व्हर मध्येच रीस्टार्ट झाला तर उत्तरातली खूण बदलते, क्लायंटला ते कळतं आणि तो सगळं पुन्हा पाठवतो. म्हणजे वेगाची सोय प्रोटोकॉलमध्येच आहे, तीही सुरक्षित. असिंकवाला सर्व्हर कमिटलाही खोटंच ‘हो’ म्हणतो. क्लायंट प्रत टाकून देतो, कॉपी ‘पूर्ण’ दिसते, आणि सर्व्हेवाला दुसऱ्या दिवसाच्या उड्डाणासाठी ड्रोनचं मेमरी कार्ड फॉरमॅट करतो. त्यात सर्व्हर बसला, तर उठल्यावर कधी फाइलचं नाव असतं पण आकार शून्य, कधी नावही नसतं. टाइल बनवणारी स्क्रिप्ट नाव दिसलं की पुढे सरकते, आणि बांधाच्या मधोमध पांढरा चौकोन राहतो.

आणि यूपीएस? तो फक्त वीज सांभाळतो. कर्नल पॅनिक (सिस्टीमच कोलमडणं), खराब रॅम, जळालेला पॉवर सप्लाय, रीसेटवर पडलेलं बोट यांना तो काय करणार? शिवाय मृगाच्या पहिल्या पावसात दिवसभर वीज ये-जा करते तेव्हा जुन्या बॅटरीची काय अवस्था होते, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

असिंकने वेग वाढतो, हे नाइलाजाने मान्य. पुन्हा बनवता येतील अशा टाइल्ससाठी वेगळा एक्सपोर्ट करून तो लावा हवा तर, पण सर्व्हर कोसळला की तो सगळा पुसून पहिल्यापासून बनवायची तयारी ठेवा. मूळ फोटोंना हात लावायचा नाही. (क्लायंट सर्व्हरचा फोल्डर जोडून घेतो त्या माउंटवरचं असिंक वेगळं. ते मुळातच चालू असतं आणि निरुपद्रवी आहे.)

सर्व्हर वाढवून? ग्लस्टरमध्ये नवी डिरेक्टरी प्रत्येक ब्रिकवर (साठवणीच्या प्रत्येक तुकड्यावर) बनवावी लागते. ब्रिक वाढले की काम वाढलं. सेफ-एफएसमध्ये सक्रिय मेटाडेटा सर्व्हर (फायलींची नावं-पत्ते सांभाळणारा) डिफॉल्टने एकच असतो, डिस्कवाली यंत्रं कितीही जोडा. जंबो फ्रेमने ४ केबीच्या फाइलची दोन पाकिटं वाचतील, वाट बघणं तेवढंच. नोएटाइमचा संबंध वाचण्याशी, लिहिण्याच्या यादीत तो कशाला आला देव जाणे.

भाचीला सांगितलंय ते असं: सर्व्हरला वीज गेली तरी हातातलं लिहून पुरं करणारी, कपॅसिटरवाली एसएसडी घ्या. कॉपी एकेक न करता एका वेळी अनेक चालवा. टाइल्स लोकल डिस्कवर बनवून एकाच एमबीटाइल्स फाइलमध्ये (सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणाऱ्या) भरा, आणि ती पूर्ण झाल्यावरच सर्व्हरवर न्या. आतून ती एसक्यूलाइट डेटाबेस आहे आणि एनएफएसवर तिच्या लॉकचा (एका वेळी एकानेच लिहावं यासाठीच्या कुलपाचा) भरवसा नसतो, म्हणून थेट तिथे उघडून लिहीत बसू नका.