प्रपोजल न वाचता वक्ता निवडण्याची कला

टेक कॉन्फरन्सच्या निवड समितीत नाव आलं? अभिनंदन! आधी लिंक्डइनवर टाका. निम्मं काम तिथेच झालं. उरलेल्या निम्म्यासाठी महिनाभर आहे, म्हणजे शेवटच्या रात्रीपर्यंत प्रपोजलना, म्हणजे वक्त्यांनी पाठवलेल्या टॉकच्या प्रस्तावांना, हात लावायचं कारण नाही.

वाचायचं फक्त शीर्षक. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच, इथे झाकणावरून करायची. शीर्षकात 'एआय' दिसलं की पाचपैकी पाच, नाहीतर तीन. तीन हा मोठा गुणी आकडा आहे. उद्या कोणी विचारलंच, तर 'मी बाजूनेच होतो' असंही म्हणता येतं आणि 'मला तेव्हाच शंका आली होती' असंही. शेऱ्याच्या रकान्यात 'विषय छान, अजून खोलात जायला हवं' हे सगळीकडे चिकटवा. प्लॅटिनम स्पॉन्सरच्या टॉकला मात्र गुण देत बसू नका, त्याचे पैसे आधीच मोजून झालेत.

खरा धोका वेगळाच. समजा, एखाद्या मुलीने लिहिलंय की जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतात, आणताना पहिली वेलांटी घोळ घालते. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवतात. त्यात जोडाक्षर आलं की नुसती अदलाबदल पुरत नाही. सोबत कोड, तो कुठे फसला त्याची उदाहरणं, तीस मिनिटांची मिनिटवार आखणी. असलं प्रपोजल चुकूनही पूर्ण वाचू नका, आवडून बसेल. 'व्याप्ती मर्यादित' लिहा आणि पुढे चला. मराठी वापरतंय कोण? (कॉन्फरन्स पुण्यात आहे, ही गोष्ट वेगळी.)

काही अतिउत्साही मंडळी वक्त्याचं नाव झाकून गुण द्या म्हणतात. २०१२ साली बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्टवाल्यांच्या कॉन्फरन्सने ते करून पाहिलं. आधी स्त्रियांना आवर्जून प्रपोजल पाठवायला सांगितलं, मग नावं झाकून निवड केली. वक्त्यांमध्ये २५ टक्के स्त्रिया! म्हणजे तितक्या नेहमीच्या मित्रांच्या जागा गेल्या. तुमच्याकडे हे खूळ आलंच, तर मित्राला 'माझ्या गेल्या वर्षीच्या गाजलेल्या टॉकचा पुढचा भाग' असं लिहायला सांगा. नाव झाकलेलंच राहतं आणि माणूस कळतो.

न वाचण्याची लाज बाळगू नका. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅमकडून एक निरर्थक शोधनिबंध लिहून घेतला आणि फ्लोरिडातल्या एका परिषदेला पाठवला. तिने तो 'परीक्षण न केलेला' असा शिक्का मारून स्वीकारला. लोक अजून हसतात. मला तर तिचा प्रामाणिकपणाच भावतो. आपण इतकं तरी कुठे लिहितो?

राहता राहिला नकाराचा ईमेल. 'यंदा दर्जेदार प्रपोजल फार आली' हे वाक्य पुरे; कारण सांगायला गेलात तर वाचावं लागेल. आणि सगळ्यांचे पत्ते एकाच रांगेत, उघडे टाका. नाकारलेल्यांची आपसात ओळख होते, तिकीट न काढता नेटवर्किंग.