ए आणि बी ग्रुपच्या आईवडिलांना ओ ग्रुपचं मूल होऊ शकतं

"आईचा ग्रुप ए, वडिलांचा बी आणि मुलाचा ओ आला म्हणजे मूल त्यांचं नाहीच" असा मेसेज परत फिरतोय. प्लीज पुढे पाठवू नका, साफ चुकीचं आहे आणि असल्या मेसेजमुळे घरात नको ते संशय उभे राहतात.

ब्लड ग्रुपच्या जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून एक वडिलांकडून. रिपोर्टवर नुसतं ए लिहिलेलं असलं तरी आत ए-ओ जोडी असू शकते (ए सोबत असला की ओ दिसत नाही), तसंच बी वाल्याचं बी-ओ, मग दोघांकडून ओ आला की मूल ओ, आणि अशा जोडप्यात दर वेळी ही शक्यता चक्क २५ टक्के असते. त्यांनाच एबी मूलही होऊ शकतं, कारण ए आणि बी एकमेकांना दाबत नाहीत, दोन्ही दिसतात.

शिवाय १९५२ साली मुंबईत सापडलेला बॉम्बे ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट आहेच. त्यात ए, बी ज्याच्यावर बनतात तो एच अँटिजेनच (रक्तपेशींवरची एक खूण) तयार होत नाही, म्हणून ए किंवा बीचा जीन असूनही साध्या टेस्टमध्ये ओ दिसतो.