इलकलच्या पदराला कात्री लावण्याआधी

ताई, जुन्या साड्यांच्या काठापदरापासून गळ्यातली-कानातली करण्यावरचा तुमचा लेख फार आवडला. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, विणकराच्या मागांच्या आवाजात वाढलेले, म्हणून कळकळीनं सांगते.

इलकल साडी विरली तरी तिला सरसकट कापू नका. तिच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा वेगळा. दोन्हीचे धागे फासात फास अडकवून जोडलेले असतात, त्याला टोपी-तेणी म्हणतात. त्या जोडातून कात्री गेली की दोन्हीकडून सुटायला लागतं. पदरातली पांढरी नक्षी, म्हणजे फणी, जोंधळा, कोटाचे बुरूज, पेंडंटला फार शोभते. पण आधी मागून बकरम, म्हणजे कडक अस्तर, इस्त्रीनं चिकटवा आणि मगच कापा, नाहीतर रेशमाचे धागे लगेच सुटतात.

कसुतीचं, म्हणजे धागे मोजून केलेल्या भरतकामाचं, काम असेल तर मात्र गोंद अजिबात नको. गवंती आणि मुरगी हे टाके गाठ न मारता घालतात, दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. असा तुकडा काठानं दुमडून लोंबत्या कानातल्यात वापरला तर मागची बाजूही दिसते. ज्या बाईनं धागे मोजून ते भरलं, तिची मेहनत पुठ्ठ्यामागं झाकायची कशाला?

गुळेदगुड्ड गावच्या, चोळीसाठी विणलेल्या खणाचं सोपं आहे. चोळी काखेत विरते, पाठीचा भाग बऱ्याचदा धड राहतो, आणि त्यावरची बुट्टीची नक्षी बारीक असल्यानं कुडीएवढ्या गोलातही मावते.

लाल कापड ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघाच, घामानं रंग मानेला लागतो. जुनी जरीची तार काळी पडू नये म्हणून तुम्ही काय करता, तेही लिहा ना.