टाक्या बघत हिंडणारा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पाण्याच्या टाक्या बघत हिंडण्याच्या माझ्या छंदाबद्दल लिहिलं, त्यावर ‘आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि हे पाण्याच्या टाक्या बघत हिंडतात!’ हे तुमचं वाक्य झोंबलं. कॉलिन्सव्हिलची सॉसची बाटली, म्हणजे बाटलीच्या आकाराची ती पाण्याची टाकी, ही निव्वळ जाहिरात, आणि आपल्या गोव्यात तर तेवढंही बघण्यासारखं नाही, असंही तुम्ही म्हणता.

बाटलीचं आधी उरकतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली ती १७० फुटी टाकी १९४९ साली केचपच्या कारखान्यासाठी बांधली. जाहिरात होतीच. पण पुढे ती पाडायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांनी पैसे जमवून १९९५ साली तिची डागडुजी, रंगरंगोटी करून घेतली. दुसऱ्याच्या जाहिरातीसाठी कोण खिशात हात घालतो?

आता गोवा. कुवेतचे ते निळे गोल मनोरे आपल्याकडे अनेकांनी तिथे नोकरी करताना पाहिलेत. १९७९ साली खुले झालेले हे मनोरे तीन, त्यांतल्या दोघांत पाणी. सगळ्यात उंच १८७ मीटरचा, आणि त्याच्या मोठ्या गोलाच्या खालच्या अर्ध्यात साडेचार हजार घनमीटर पाणी, वर उपाहारगृह. एवढा थाट कशाला? दिखावा होताच, पण जमीनही सपाट. दहा मीटर उंचीमागे पाण्याला दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो, मग टेकडी नसेल तर ती बांधावी लागते. आपल्याकडे देवानं टेकड्या आणि सडे, म्हणजे खडकाळ पठारं, दिलेत. टाकी सड्यावर बसवली की निम्मं काम झालं, म्हणून ती बुटकी आणि तुमच्या नजरेत न भरणारी.

उंच खांबांवरच्या टाकीखाली मात्र जरूर उभे राहा. पुष्कळ टाक्या तळाशी निमुळत्या दिसतील. ही रचना इंट्झे नावाच्या जर्मन अभियंत्याची. तिरकी भिंत आत रेटते, मधला घुमट बाहेर रेटतो, दोघांचं भांडण खालच्या गोल तुळईवर मिटतं आणि खांबांवर फक्त सरळ वजन उरतं. शेवाळाचे काळे ओघळ सोडले तर त्यात कुरूप काय आहे, मला तरी दिसलं नाही.

राहता राहिला तुमचा नळ. तक्रार रास्त आहे, मेमध्ये टँकरची वाट आम्हीही बघतो. पण टाकी बघणं आणि पाण्याची काळजी असणं यांत वैर कुठलं? पुष्कळ टाक्यांवर बाहेरून आकड्यांची उभी पट्टी आणि तिच्यावर सरकणारा काटा असतो. आतला तरंगता गोळा दोरीनं त्याला बांधलेला, त्यामुळे हिशेब उलटा: काटा खाली म्हणजे टाकी भरलेली, वर म्हणजे रिकामी. पुढच्या वेळी नळ कोरडा पडला की फोन करण्याआधी तेवढं बघून या. काटा खाली असेल, तर पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून आलं नाही हे उत्तर ऐकून घेऊ नका. वाटेतल्या व्हॉल्व्हचं विचारा.