मोबाइलच्या ठिपक्यावर प्लॉटची हद्द ठरत नाही

ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून ऐरोलीपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: 'पुनर्विकासाआधी प्लॉट मोजायला दुर्बीणवाल्यांना पैसे देऊ नका. कोन मोजून जागा ठरवायची ती इंग्रजांनी शोधलेली पद्धत मोडीत निघाली. मोबाइलमधला जीपीएस तीन उपग्रहांचे कोन मोजून तेच काम फुकट आणि बिनचूक करतो. चारही कोपऱ्यांत उभे राहा, आकडे टिपा, हद्द तयार.' मी मोजणीच्याच कामात आहे. हा सल्ला मानून एखादी सोसायटी बिल्डरसमोर बसली, तर तिचं खरोखर नुकसान होईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'जीपीएस कोन मोजतो.' नाही, एकही कोन मोजत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह वेळेचा संदेश पाठवतो. तो यायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. फोनचं घड्याळ काही अणुघड्याळ नसतं, आणि सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी अंतर 300 मीटरने चुकतं. ही चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो. म्हणजे 'तीन उपग्रह' हेही चूकच.

'बिनचूक.' मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. माजिवड्याच्या टॉवरांमध्ये संदेश काचांवर आपटून येतो, त्यामुळे ठिपका आणखी भरकटतो. रस्ता शोधायला हे पुरतं. पण प्लॉटची 40 मीटरची बाजू नुसती एक मीटर सरकली, तरी 40 चौरस मीटर, म्हणजे 430 चौरस फूट जमीन इकडची तिकडे होते. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या हिशेबाने मिळणारं बांधकाम, त्यावर वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोजमापाला ताळा लागतो, आणि त्रिकोणात तो आपोआप मिळतो. ठाण्याच्या तलावपाळीचं उदाहरण घ्या. मासुंदा तलावातल्या शंकराच्या देवळापर्यंतचं अंतर पाण्यात टेप न टाकता काढायचंय. समजा काठावर 60 मीटरची सरळ रेषा नीट मोजून घेतली. तिच्या दोन्ही टोकांना यंत्र लावून देवळाच्या कळसाशी होणारा कोन पाहिला आणि दोन्हीकडे 70 अंश आला. मग देऊळ त्या रेषेपासून सुमारे 82 मीटरवर. तिसरा कोन 40 अंशच यायला हवा. देवळापाशी यंत्र नेऊन तोही मोजला आणि तिन्हींची बेरीज 180 अंशांवर बसली नाही, तर कुठेतरी चूक झाली हे तिथल्या तिथे कळतं. आणि कोनातली चूक बारीक असते. अंशाचे 3600 भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेकंद, आणि एक सेकंद चुकला तर किलोमीटरभर अंतरावर फरक पडतो जेमतेम पाच मिलिमीटर.

मोबाइलच्या ठिपक्याला असा ताळा कुठे आहे? भोवतीचं फिकट वर्तुळ हा फोनचाच स्वतःबद्दलचा अंदाज आहे.

'इंग्रजांनी शोधली.' नेदरलँड्सचा गणिती गेमा फ्रिसियसने त्रिकोणाचे कोन मोजून जागा ठरवायची ही कल्पना 1533 मध्येच मांडली होती, आणि स्नेलने 1615 पासून तिथेच त्रिकोणांची साखळी प्रत्यक्ष मोजली. इंग्रजांच्या सर्वेक्षणाची सुरुवात 1802 मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून केली. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्धा टन वजनाचा होता. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना तो आपटला आणि त्याचं कोन वाचायचं वर्तुळ वाकलं, तर लॅम्बटनने स्वतः बसून ते दुरुस्त केलं. ते त्रिकोण इतके मोठे असत की पृथ्वीच्या गोलाईमुळे तीन कोनांची बेरीज 180 अंशांच्या वर जायची, दर 200 चौरस किलोमीटरमागे साधारण एक सेकंद. तेवढाही हिशेबात धरत. पुढे दीडशे किलोमीटरहून लांबून घेतलेल्या कोनांवरून याच सर्वेक्षणातले गणिती राधानाथ सिकदारांनी 'शिखर 15', म्हणजे आजचं एव्हरेस्ट, सगळ्यांत उंच असल्याचं गणित मांडलं. 1856 मध्ये जाहीर झालेली उंची 29,002 फूट. 2020 मध्ये जाहीर झालेली 8848.86 मीटर, म्हणजे जेमतेम 30 फुटांचा फरक. शिखराला नाव मात्र सर्वेक्षणाचा आधीचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्टचं मिळालं, आणि तो 1843 मध्येच निवृत्त झाला होता. सिकदारांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'मोडीत निघाली.' यात थोडं तथ्य आहे. डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथा पाहत देशभर त्रिकोण विणायचं काम आता उपग्रहांकडे गेलं. मोजणीलाही रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र, येतो आणि तो सेंटिमीटरपर्यंत जागा देतो, पण त्याला कायम एका जागी बसवलेल्या केंद्राकडून दुरुस्ती मिळत असते. तो तुमचा मोबाइल नव्हे. आणि उंच इमारतींच्या फटीत रोव्हर अडला की टोटल स्टेशनच लागतं, जे कोन आणि अंतर दोन्ही मोजतं. राष्ट्रीय उद्यानाखालून ठाणे-बोरिवली बोगदा होतोय. बोगद्यात उपग्रहाचा संदेश पोहोचत नाही, तिथे दिशा आत न्यायला कोनच मोजावे लागतात.

हद्दीवर शेजाऱ्याशी वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. खासगी मोजणी घेत असाल तर नकाशावर सही करण्याआधी सेक्रेटरींनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: मोजणी कोणत्या पक्क्या खुणांपासून सुरू केली, आणि फिरून त्याच खुणेवर आल्यावर किती फरक आला.