मुलग्यांशीही बोला

वयात येण्याबद्दल मुस्लिम मुलांना दीन (धर्म) आणि शरीरशास्त्र दोन्ही एकत्र सांगावं, हे लेखातलं म्हणणं अगदी पटलं. मुलग्यांचा उल्लेख मात्र फारच ओझरता आलाय. आमच्या रत्नागिरीकडे मुलीला आई किंवा खाला (मावशी) सांगतेच: पाळीत नमाज माफ, सुटलेले रोजे रमजाननंतर पुरे करायचे. मुलगा मात्र झोपेत वीर्यपतन झालं की घाबरतो, गुपचूप चादर धुतो. हे हार्मोन्समुळे होतं, यात गुनाह नाही, रोजा तुटत नाही, गुस्ल (शुद्धीसाठी पूर्ण अंघोळ) केला की झालं, एवढं त्याला ९-१० व्या वर्षीच कळायला हवं. पैगंबरांच्या काळातल्या मदिनेच्या उम्मे सुलैम यांनी तर स्त्रीला झोपेत असं झालं तर गुस्ल करावा का, हा प्रश्न थेट पैगंबरांना विचारला होता आणि त्यांना सरळ उत्तर मिळालं. अब्बांना जमत नसेल तर मामा-चाचांनी बोलावं, पण मित्राच्या मोबाइलवर भलतंसलतं दिसण्याआधी.